रविवारची अंडी

हेवा करावा तर माझ्यासारखा. लोणावळ्याच्या रेल्वेचाळीत बसून मी एकट्यानं जितका हेवा केला, तितका साऱ्या मावळ तालुक्यानं मिळून केला नसेल. हेवा वजन करून पाठवता आला असता तर माझ्यासाठी मालगाडीला वेगळा डबा जोडावा लागला असता, आणि तो घाटात चढवायला मागून दोन इंजिनं. हा सगळा माल एकाच पत्त्यावर जायचा. भिंतीला भिंत लागून राहणारा माझा शेजारी. मी घाटातल्या इंजिनावर फायरमन, तो यार्डात रूळ बदलणारा सांधेवाला. पगार माझा जास्त, मिशा माझ्या मोठ्या, आवाज तर असा की मी गायला लागलो की देवळाचे पत्रे ताल धरत. तरी मी त्याच्यावर जळत होतो. कारण त्याच्या कोंबड्या रविवारी अंडी घालत आणि माझ्या घालत नसत.

ज्यांना यात जळण्यासारखं काय ते कळणार नाही, त्यांना आमचा रिवाज सांगितला पाहिजे. आमच्या ख्रिस्ती मंडळीत तेव्हा रविवारी पडलेलं अंडं देवाचं धरत. सोमवार ते शनिवार कोंबडी तुमची, रविवारी ती देवाच्या नोकरीत. उपासना दुपारी चारला भरायची, कारण सकाळपाळीची माणसं तोवर कामावरून सुटत आणि कोंबड्याही आपापलं काम उरकून बसत. देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो) टोपल्या टेबलावर जायच्या आणि पाळकसाहेब कुणाच्या घरून किती आली ते मोठ्यानं सांगायचे. उपासना संपली की बाहेर जांभळीखाली लिलाव. साहेबांच्या आणि पारशांच्या बंगल्यांवरचे खानसामे बोली लावायला आधीच उभे असत. येईल ती रक्कम आजाऱ्यांच्या डब्यात जायची. कुणाला त्यातून दूध मिळे, कुणाला हिवतापावर क्विनीन.

शेजाऱ्याकडं आठ कोंबड्या. रविवारी सात अंडी ठरलेली, कधी आठ. एकदा नऊ आली. आठ कोंबड्यांची नऊ अंडी कशी, हे मी त्याला विचारलंही होतं. तो म्हणाला, देवाची कृपा. माझ्या सात कोंबड्या मात्र चौथी आज्ञा इतकी काटेकोर पाळत की पाळकांनीसुद्धा लाजावं. सहा दिवस श्रम आणि सातव्या दिवशी विसावा. शनिवारी संध्याकाळपर्यंत धडाधड अंडी, आणि रविवार उजाडला की सातही जणी उकिरड्यावर पाय पसरून बसायच्या, जणू शब्बाथ त्यांच्यासाठीच नेमला होता. आमच्या घराचं नाव आलं की पाळकसाहेब जरा थांबत आणि म्हणत, "एक." कधी म्हणत, "या आठवड्यात नाही." त्या थांबण्यात मी दर रविवारी एकदा मरत असे.

दहाव्या आज्ञेचं मला स्मरण नव्हतं असं नाही. शेजाऱ्याच्या कशाकशाचा लोभ धरू नये याची तिथं यादीच आहे. बैल आहे, गाढव आहे. कोंबडीचं नाव मला सापडलं नाही. शेवटी "शेजाऱ्याचं काहीही" असं येतं खरं, पण तिथवर वाचेपर्यंत माझी ड्युटीची वेळ झालेली असायची.

त्या वर्षी पावसाळा ओसरताना पाळकसाहेबांनी एक नवीन विषय धरला. विषय होता कारभारीपण. म्हणाले, तुमचं असं काहीच नाही. पैसा देवाचा, वेळ देवाचा, शरीर देवाचं, ही झाडं-माती-पाणी देवाचं. तुम्ही नुसते कारभारी. मालक गावाला गेलाय, कारभार तुमच्या हाती देऊन गेलाय, आणि तो परत येणार आहे. पाळकसाहेब अंगानं काडीसारखे, छत्री त्यांच्यापेक्षा जाड. पण बोलायला लागले की बाकावर बसलेल्याला वाटायचं, मालक दारातच उभा आहे.

मी मान डोलवत होतो. मग सहज बाजूला पाहिलं आणि लक्षात आलं की हे प्रवचन म्हणजे माझ्या शेजाऱ्याचं वर्णनच चाललंय.

पगार झाला की दहावा हिस्सा तो घरात शिरण्याआधी वेगळ्या फडक्यात बांधायचा. माझाही दहावा हिस्सा निघायचा, पण घरात शिरल्यावर निघायचा, आणि घर फार खादाड. घड्याळ त्याच्याकडं नव्हतं, माझ्याकडं होतं, चांदीचं. तरी उपासनेला तो पहिल्या घंटेला आणि मी दुसऱ्या स्तोत्राला. प्रकृतीचं म्हणाल तर तो चहाला शिवत नसे, बिडीला शिवत नसे, आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे निघून लोहगडाच्या पायथ्याच्या वाडीत ताक पिऊन, गड चढून-उतरून दुपारच्या जेवणाला घरी हजर, असं लोक सांगत. लोक म्हणजे मीच. हेव्यानं मला त्याचा प्रचारक करून टाकलं होतं. मीही बिडी सोडून पाहिली. तीन दिवस. चौथ्या दिवशी बोगद्यात धूर कमी झालाय, इंजिनात काही बिघाड आहे का, अशी गार्डानंच चौकशी केली. मग रेल्वेच्या भल्यासाठी पुन्हा सुरू केली.

आणि झाडं. गाड्या लोणावळ्याला थांबत तेव्हा उतारू आंबे खाऊन कोयी रुळांवर फेकत. हा सांधे बदलता बदलता त्या कोयी वेचायचा आणि वलवणच्या वाटेनं जाता जाता कुठंकुठं पुरायचा. आज त्या वाटेनं गेलात तर सात जातींचे आंबे दिसतील, आणि एकाही झाडावर त्याचं नाव नाही. मी असतो तर पाटी लावली असती.

या विषयाच्या चौथ्या रविवारी पाळकसाहेबांनी प्रवचन संपवताना एक बातमी दिली आणि माझा हेवा, जो तोवर सपाटीवर चालला होता, तो घाटात शिरला.

देवळामागं एक जमिनीचा तुकडा होता. मोठा म्हणाल तर दोन म्हशी शेजारी बसल्या तर तिसरीला उभं राहावं लागेल, इतका. कडेला एक बांधीव विहीर. तो पाहणारे म्हातारे गृहस्थ मुलाकडं नगरला निघून गेले होते. पाळकसाहेब म्हणाले, भात निघाल्यावर उपकारस्तुतीचा रविवार येईल, त्या दिवशी हा तुकडा एका घराच्या हाती द्यायचा. विहीर स्वच्छ ठेवायची, काहीतरी पिकवायचं, निम्मं आजाऱ्यांना, निम्मं त्या घराला. ज्याचं कारभारीपण दिसेल त्याच्या हाती जाईल.

लोकांना त्यात फार काही वाटलं नसावं. मला मात्र घाम फुटला. माझा बाप दुसऱ्याच्या बांधावर जन्मला आणि दुसऱ्याच्या शेतात वाकून वाकून म्हातारा झाला. मी लोखंडात गेलो. आमच्या घराण्यात माती वाट्याला यायची ती शेवटी, साडेतीन हात, तीही मंडळीच्या दफनभूमीत. आणि बायको माझी आंदर मावळातली. तिचा बाप तिकडं मिशनच्या शाळेवर मास्तर, पण ती वाढली शाळेपेक्षा शेजारच्या खाचरांत जास्त. लग्न करून चाळीत आली तर इथं माती म्हणजे कोळशाचा चुरा. त्यात तिनं फुटक्या माठात कोथिंबीर लावली होती. ती उगवायची काळपट आणि वासाला बॉयलरसारखी. दर रविवारी उपासना सुटली की सगळ्या बायका जांभळीखाली लिलाव बघायच्या आणि ही देवळामागं जाऊन त्या तुकड्यातलं एक ढेकूळ उचलायची, बोटांनी कुस्करायची, खाली टाकायची. मला काही बोलायची नाही. न बोलणाऱ्या बायकोला काय हवंय हे न कळायला मी काही दगड नव्हतो.

मी हिशेब मांडला. कारभारीपण दिसेल म्हणजे कुठं दिसेल? बिडी सोडलेली दिसत नाही. पुरलेली कोय दिसत नाही. सगळ्या मंडळीदेखत मोठ्यानं वाचलं जातं ते फक्त अंड्यांचं. म्हणजे तुकडा अंड्यांवर जाणार. आणि अंड्यांवर गेला तर शेजाऱ्याकडं जाणार.

मग मी कोंबड्यांच्या मागं लागलो. त्यांना तेलात कालवलेली बाजरी घातली. शनिवारी कामबंदी करून पाहिली, सातही जणींना दिवसभर अंधाऱ्या टोपल्यांखाली कोंडलं, म्हणजे माल रविवारपर्यंत साठून राहील. त्यांनी टोपल्यांखाली अंधारात अंडी घातली. रविवारी सकाळी खुराड्यापुढं उभं राहून स्तोत्रं म्हटली. त्यानं फक्त शेजारच्या चाळीतला कोंबडा पळाला, तो खंडाळ्यापर्यंत कुणाला दिसला नाही. शेवटी एका शनिवारची पाच अंडी मी गव्हात लपवली आणि रविवारी टोपलीत ठेवू लागलो. बायकोनं हात धरला.

"ही कालची आहेत."

"अंड्याला तारीख असते का?"

"अंड्याला नसते," ती म्हणाली. "देवाला असते."

ती पाच अंडी आम्ही सोमवारी खाल्ली. मला एकही गोड लागलं नाही.

उपकारस्तुतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी ड्युटी सुटल्यावर मी घरी न जाता थेट वलवणला गेलो. तिथं एक म्हातारी मावशी होती, कुणबी घरातली, बाजाराच्या दिवशी लोणावळ्यात अंडी घेऊन बसायची. म्हटलं, कुठल्याही कोंबडीचं असो, रविवारी माझ्या टोपलीत आलं की ते रविवारचं. मावशी अंगणात भात वाळत घालत होती. म्हणाली, अंडी काल बाजारात संपली. मी कुडाच्या आडोशाला पाहिलं तर एक तांबडी कोंबडी पाटीत फुगून बसली होती.

"ती न्हाई द्यायची," मावशी म्हणाली. "खुडूक बसलीया. चार-पाच दिस ऱ्हायलेत पिल्लं निघायला."

खाली किती आहेत विचारलं. बारा होती. बारा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं देवळामागची विहीर आली. मी म्हटलं, मावशी, मला खायची नाहीत, विकायची नाहीत. उद्या एका दिवसापुरती द्या, संध्याकाळी दिवेलागणीच्या आत परत आणतो.

"मंग करायची काय?"

"दाखवायची आहेत."

"कुनाला?"

"देवाला."

मावशीनं हातातला भात खाली सोडला. "त्येला ठावं न्हाई व्हय, कुनाची हाईत ती?"

मी विनवण्या केल्या. शेवटी तिचं मन वळलं, पण फुकट नाही. गोठा काढून दे म्हणाली. चार जनावरांचा गोठा, महिनाभराचं शेण. फावडं तेवढं मला येत होतं. घाटात एका फेरीला मी इतका कोळसा टाकायचो की त्यात वलवणचं धरण बुजलं असतं. त्यापुढं शेण ते काय. तासाभरात गोठा असा झाला की बैल परक्या घरी आल्यासारखे दारात थबकले. मावशीनं मग ओढ्यातले बारा गुळगुळीत गोटे शेकोटीजवळ ऊन करून घेतले आणि एकेक अंडं काढून त्याच्या जागी एकेक गोटा सरकवला. म्हणजे त्या दिवशी मावशी कोंबडीला फसवत होती आणि मी देवाला. फरक इतकाच की कोंबडी फसली.

टोपलीत भाताचा कोंडा, त्यावर अंडी, त्यावर माझा इंजिनावरचा जाड कोट. निघताना मावशी म्हणाली, "बारा जीव न्हेतोस. बारा जीव परत आन. गारठू देऊ नगंस."

माझा बेत पक्का होता. कुणाला फसवायचं नव्हतं. पाळकसाहेबांनी मोजली की झालं. लिलावात माझी टोपली मीच बोली लावून परत घेणार, म्हणजे आजाऱ्यांचंही नुकसान नाही, मावशीचंही नाही. शेजाऱ्याचं तेवढं व्हायचं.

बायकोला सगळं सांगावं लागलं, कारण बाराच्या बारा अंडी चुलीशेजारी मांडलेली तिला दिसणारच होती. ती रागावली नाही. तिनं फक्त विचारलं, तुकडा अशानं मिळाला तर त्यात आपण लावणार काय? मी म्हटलं, कोथिंबीर. ती टोपलीकडं वळली. अंडी उलटवायची असतात, एका कुशीवर पडू द्यायची नसतात, हे तिला ठाऊक होतं. ती एकेक हातात घेऊन कानाशी धरायची आणि हळूच दुसऱ्या अंगावर ठेवायची. मी आपला ऊब द्यायच्या कामाला लागलो. भाताच्या कापणीनंतरचा गारठा, आणि मी जन्मभर बॉयलर तापवलेला माणूस. तापवायचं म्हटलं की माझा हात आखडत नाही. चुलीत कोळसा भरला, विटा तापवल्या, विटांना फडकं गुंडाळलं, फडक्यावर टोपली. घरात इतकं उकडायला लागलं की भिंतीवरची पाल दाराबाहेर जाऊन बसली.

"अंडी आहेत ती," बायको म्हणाली. "घाट चढायचा नाहीये त्यांना."

दुसऱ्या दिवशी चारला मी पहिल्या घंटेला देवळात. लोकांनी वळून पाहिलं. टेबलावर भाताच्या पेंढ्या, भोपळे, नाचणी, काकड्या, एका घरचा जिवंत बोकड बाहेर बांधलेला, आणि कडेला अंड्यांच्या टोपल्या. शिवाय त्या दिवशी माझ्या सातांपैकी एकीनं चक्क आज्ञा मोडली होती, म्हणजे माझी तेरा. पाळकसाहेबांनी शेजाऱ्याचं नाव घेतलं आणि म्हणाले, "आठ." मग माझ्या टोपलीवरचा कोट बाजूला करून त्यांनी मोजली. पुन्हा मोजली. "तेरा."

देवळात जी कुजबुज उठली ती मी आजही पैसे देऊन ऐकेन. मी शेजाऱ्याकडं पाहिलं. निदान एकदा, एकच क्षण, त्याच्या तोंडावर तो रंग दिसावा जो माझ्या तोंडावर पाच वर्षं होता. तर तो हसत होता. माझ्यासाठी खूश होऊन, मनापासून. मान हलवून त्यानं "सलाम" केला. अशा माणसाचं काय करावं? जिंकूनही हरवतो.

मग प्रार्थना. आमच्या पाळकसाहेबांची प्रार्थना म्हणजे लांबलचक मालगाडी. एक विनंती गेली की वाटायचं संपली, तर मागून आणखी चाळीस डबे. सगळ्यांचे डोळे मिटलेले, देवळात चिडीचूप. पाळकसाहेब पावसाबद्दल आभार मानत होते तेव्हा टेबलाकडून आवाज आला.

चिव.

मी डोळे आणखी घट्ट मिटले. पाळकसाहेब गुराढोरांवर आले. चिव, चिव. मी जोरात "आमेन" म्हटलं, म्हणजे आवाज बुडेल आणि झालंच तर प्रार्थनाही संपेल. प्रार्थना संपली नाही. चार-पाच दिस राहिलेत असं मावशी म्हणाली होती. पण कोंबडीनं आम्हाला विचारून गणित केलं नव्हतं, आणि उरलेले दिवस माझ्या तापलेल्या विटांनी खाऊन टाकले असावेत, असा माझा तरी अंदाज आहे. जाणते म्हणतात असं होत नाही. जाणत्यांनी माझी चूल पाहिली नव्हती. पाळकसाहेब सृष्टीतल्या सगळ्या लहानमोठ्या जिवांपर्यंत पोचले तेव्हा टोपलीतून इतका गलका सुरू झाला की त्यांना थांबावं लागलं. मी एक डोळा उघडला. एक ओलं, पिवळं, काटकुळं पिल्लू टोपलीच्या काठावर मान टेकून सगळ्या मंडळीकडं बघत होतं.

पाळकसाहेबांनी चष्मा सारखा केला. मला विचारलं, "ही आज सकाळची आहेत?"

"आमच्या घरी कोळशाची ऊब फार, पाळकसाहेब," मी म्हटलं.

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. हसण्यावारी गेलं असतं, सुटलो असतो, मला अजून तसं वाटतं. पण बायकांच्या बाजूनं माझी बायको उभी राहिली. तिला त्या तुकड्याचं ढेकूळ माझ्यापेक्षा जास्त ओळखीचं होतं, आणि बोलल्यावर काय हातचं जाणार हेही तिला ठाऊक होतं.

"ती वलवणच्या मावशीची आहेत," ती म्हणाली. "दिवेलागणीला परत द्यायची आहेत. आमचं एकच."

आता सगळ्या देवळाचे डोळे उघडे होते. मी खाली पायांकडं पाहत होतो. बुटांवर शेण राहून गेलं होतं.

पाळकसाहेब रागावलेच नाहीत. रागावले असते तर मी त्याचं वर्षभर रसभरित वर्णन केलं असतं. ते म्हणाले, "पिल्लं गारठतायत. आधी त्यांचं बघा." आणि मंडळी जागची हलायच्या आत माझा शेजारी टेबलाशी पोचला होता. त्यानं डोक्याचा रुमाल सोडला, टोपलीवर पसरला, आत हात घालून ऊब आहे का पाहिलं, कोट पुन्हा नीट वरून घातला. तो हे सगळं इतकं बरोबर करत होता की मला पिल्लांचासुद्धा हेवा वाटला.

तुकडा अर्थातच त्याला मिळाला. शेवटच्या स्तोत्राआधी पाळकसाहेबांनी त्याचं नाव घेतलं. बायकोनं त्या दिवशी देवळामागं जायचं टाळलं, आणि ते मला सगळ्यांत जास्त लागलं.

वलवणला आम्ही तिघं गेलो. शेजारी न सांगता बरोबर निघाला. म्हणाला, टोपली दोघांनी धरली की हिंदकळत नाही. वाटेत तो एक शब्दही अंड्यांबद्दल बोलला नाही. मी वाट बघत होतो, टोमणा मारेल. कुठं कोय पुरली होती ते बायकोला दाखवत चालला होता. मावशीनं टोपलीतला कलकलाट लांबूनच ऐकला. तिनं कोंबडीखालचे गोटे काढले आणि एकेक पिल्लू आत सरकवलं. कोंबडी गोट्यांवर जेवढ्या विश्वासानं बसली होती तेवढ्याच विश्वासानं पिल्लांवर बसली. अकरा पिल्लं झाली. बारावं अंडं मावशीनं कानाशी धरलं, हलवलं, आणि कुडाबाहेर ठेवलं.

"बारा सांगितलं हुतं," ती म्हणाली.

मी दुसऱ्या दिवशी माझी सगळ्यांत चांगली कोंबडी तिला नेऊन दिली. काळी, शनिवारी हमखास घालणारी. पुढं मावशी बाजारात भेटली की सांगायची, लय गुणाची हाय, रविवारीबी चुकत न्हाई. माझं त्यावर काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी परतताना धरणाच्या वाटेवर शेजारी थांबला. म्हणाला, "भाऊ, माझी एक आठवडा रात्रपाळी, एक आठवडा दिवसपाळी. विहिरीचं पाणी एकट्यानं ओढवणार नाही. निम्मा तुकडा तुम्ही बघा. पाळकसाहेबांना मी विचारलंय."

मी म्हटलं, मला शेतीतलं कळत नाही. म्हटलं, मी लोखंडातला माणूस. म्हटलं, देवानं तुमच्या हाती दिलाय, तुम्हीच सांभाळा. माझ्या आतला हेवा मिशीला पीळ देऊन उभा होता. फुकट मिळालेलं घ्यायचं, आणि तेही याच्या हातून, त्यापेक्षा फुटका माठ बरा. मी आणखीही बरंच बोलणार होतो.

"विहिरीकडची बाजू आम्हाला द्या," बायको म्हणाली. "आणि यांचं ऐकू नका. यांना फावडं चांगलं चालवता येतं, एवढं पुरे."

तिनं त्या निम्म्या तुकड्यात घेवडा लावला, वाल लावला, मुळे लावले, आणि बांधाच्या कडेला कोथिंबीर. हिरवीगार, कोथिंबिरीच्या वासाची. मी खणलं, पाणी ओढलं, विहिरीतला गाळ काढला. गाळात मला मागच्या शंभर वर्षांची भांडी सापडली, एक तोफगोळाही सापडला असता पण तिथं पोचलो नाही. पहाटे कामावर जायच्या आधी तासभर तिथं जायला लागलो. उपासनेलाही वेळेवर पोचू लागलो, कारण तिथंच असायचो. बिडीला हात मोकळा राहीना. अर्थात मधल्या बांधापलीकडं शेजाऱ्याचा घेवडा माझ्यापेक्षा वीतभर उंच होता. दर वर्षी. विहिरीकडची बाजू मागितली तेव्हा ऊन त्याच्या बाजूला पडतं हे बायकोच्या ध्यानात आलं नव्हतं, किंवा आलं होतं आणि तिनं मला सांगितलं नाही. मी रात्रपाळीहून येतानासुद्धा वाकडी वाट करून त्याचा घेवडा मोजून यायचो.

असं बरीच वर्षं चाललं. मग घाटात विजेची इंजिनं आली. माझं फावडं रेल्वेनं काढून घेतलं आणि मला शेडमध्ये पुसायला-पासायला लावलं. शेजाऱ्याची बदली दूर वऱ्हाडात झाली. जाताना त्यानं आपल्या अर्ध्या तुकड्याचं बी एका फडक्यात बांधून बायकोच्या हातात दिलं. पाळकसाहेबांनी अख्खा तुकडा आमच्याकडं सोपवला. जे मला हवं होतं ते सगळं मिळालं. मी बांधावर उभा राहिलो, डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, दोन्हीकडं माझंच. त्या वर्षी घेवडा पार बुडाला. पाऊस बरा होता, खत होतं, बी त्याचंच होतं. मीच पहाटे उठत नव्हतो. कुणासाठी उठायचं? बायको एकटी पाणी ओढायची आणि माझ्याकडं अशी पाहायची जशी वलवणला कुडाबाहेर ठेवलेल्या त्या बाराव्या अंड्याकडं पाहत होती.

मग नाताळच्या सुमारास एक पोस्टकार्ड आलं. शेजाऱ्याचं. मंडळीला सलाम, कोंबड्या बऱ्या आहेत, आणि शेवटच्या ओळीत: इकडची माती काळी आहे, भाऊ, वांगी हातभर होतात.

मी ते दोनदा वाचलं. हातभर. कुणाचा हात? त्याचा हात लांब होता. तरी हातभर म्हणजे फार झालं. मी कार्ड कोनाड्यात ठेवलं, दाराआडची कुदळ काढली, आणि बायकोला म्हटलं, वांग्याचं बी कुठं मिळेल ते आजच विचारून ये.